बंडाचा परवाना

धाकट्याने स्वतःचं नाव गंज ठेवलं होतं. घरात सगळे त्याला बाळ म्हणत, पण पंक संगीत ऐकून सिनेमे काढणाऱ्याला बाळ म्हणवून कसं चालेल? "तीन सूर जमले की गाणं, तीन शॉट जमले की सिनेमा," असं तो सांगे. बहुतेक वेळा दोनच जमत. पण त्याचा खरा तोरा वेगळाच होता. शहरात पडक्या इमारतींना तोटा नव्हता. त्यांत घुसून तो शूटिंग करी आणि कुणाच्या बापाची परवानगी घेत नसे.

परवानगी ताई घेत असे. ती नगरपालिकेच्या परवाना खात्यात कारकून होती. पोलीस भावाला उचलतील या धास्तीने सहा वर्षं ती प्रत्येक शूटिंगचा अर्ज भरून, साहेबांची सही घेऊन, कागद पर्समध्ये ठेवून गर्दीच्या मागे उभी राहत होती. हवालदार आला की त्याला बाजूला नेऊन कागद दाखवी. तो निघून जाई. मग गंज छाती काढून म्हणे, "बघितलंत? घाबरले." त्याचा भ्रम मोडणं ताईच्या जिवावर येई.

या वेळी त्याने नव्या सिनेमाचा खेळ बंद पडलेल्या जलतरण तलावात लावला. तिथलं छत कधी कोसळेल याचा नेम नव्हता. साहेबांनी साफ नकार दिला. ताईला दोन दिवस घास गिळवेना. तिसऱ्या दिवशी तिने साहेबांची सही स्वतःच ठोकली.

दुपारी कोरड्या तलावाच्या उतारावर साठेक माणसं बसली. चादरीवर सिनेमा सुरू झाला आणि संगीताच्या दणक्याने छताच्या खपल्या पडू लागल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात फौजदार आले.

गंजने ऐटीत दोन्ही हात पुढे केले. फौजदारांनी खरोखरच बेड्या काढल्या, तसा तो पांढराफटक पडला. मागे सरकत ताईपाशी आला आणि कुजबुजला, "ताई, कागद काढ ना."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्यापासून. तू असतेस म्हणून तर करतो."

ताईला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. सहा वर्षं ती या आयत्या बिळावरच्या नागोबाचा मान जपत होती.

"त्यावर साहेबांची सही नाही," ती हळूच म्हणाली. "मी केलीय. दाखवला तर नोकरी जाईल, मी आत जाईन."

गंजने क्षणभर विचार केला. क्षणभरच.

"ते काय सही निरखत बसणार आहेत? दे लवकर."

ताईने पर्सची चेन लावली.

"साहेब," ती फौजदारांना म्हणाली, "याला परवानगी नाही. आणि आधी ही माणसं बाहेर काढा, छत पडेल."

सहा वर्षांत पहिल्यांदाच गंजने खरोखर कायदा मोडला होता, आणि जीपमध्ये बसून तो ताईच्या नावाने हाका मारत होता.