बिडी, सर, बिडी!

माउली सर पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे आणि उरलेल्या वेळात हौशी रेडिओवरून लांबच्या लोकांशी बोलायचा सरकारी परवाना जपायचे. त्यांच्या गच्चीवर अँटेना होता. म्हणजे अधूनमधून असायचा. पहिल्याचा लोखंडी पाइप वळवाच्या वाऱ्यात गुडघ्यात वाकला. दुसऱ्याची नायलॉनची दोरी सोलापूरच्या उन्हानं खाल्ली. हातात घेतली तर पापडासारखी मोडली. तिसरा शेजाऱ्यांच्या सोलरवर पडला, तेव्हापासून शेजारी सरांशी फक्त सोसायटीच्या सेक्रेटरीमार्फत बोलतात.

चौथ्या खेपेला सर शिवलिंगप्पांना शरण गेले. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत शिवलिंगप्पांनी वीस वर्षं नंदीध्वजाची उंच काठी पेलली होती. सरांनी त्यांना वाऱ्याच्या दाबाचं गणित दाखवलं. त्यांनी कागदाची आदरानं घडी घातली, परत दिली आणि बांबू मागवला. बांबू उभा राहिला, टोकापासून तांब्याची तार दोन्हीकडं उतरती बांधली. सर बांबू उभा धरणारी एका बाजूची ताणदोरी दातओठ खाऊन आवळू लागले.

"बिडी, सर, बिडी!" शिवलिंगप्पा ओरडले.

सरांना वाटलं, म्हाताऱ्याला तलफ आली.

"मी ओढत नाही हो."

"ओढताय की! किती ओढताय!"

सर दुखावले. आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात न टाकलेला माणूस. शेवटी त्यांच्या पत्नीनं, अक्कलकोटकडच्या विजयमालाबाईंनी, पदरात तोंड लपवून खुलासा केला : कानडीत बिडी म्हणजे सोडा.

"आवळली की काठी मरती, सर," शिवलिंगप्पा म्हणाले. "वाऱ्याला जरा जागा द्या की."

सरांनी वीतभर दोरी सोडली. मनापासून नव्हे.

मेमधल्या एका मंगळवारी त्यांची मुलगी वैष्णवी बँकेच्या कामासाठी स्कूटरवर दुधनीला गेली होती. पावणेचारला तिचा फोन आला की निघतेय. चार वाजता आभाळ जांभळं झालं आणि वीज गेली. पाठोपाठ फोनची रेंजही गेली. विजयमालाबाई तोच नंबर पुन्हा पुन्हा लावत राहिल्या. आभाळातली वीज रेडिओत उतरू नये म्हणून सरांनी नियमाप्रमाणे अँटेनाची केबल रेडिओतून काढून खिडकीबाहेर टाकली आणि गच्चीच्या दाराच्या फटीला डोळा लावला. मुलीपर्यंत पोचायची उरलेली एकमेव वाट त्या बांबूच्या टोकाला बांधलेली होती.

वारा आला. समोरच्या इमारतीचे पत्रे वहीची पानं फाडावीत तसे सुटले. गल्लीतला कडुनिंब मुळासकट आडवा झाला, कुणाला कळवायचीही तसदी न घेता. बांबू झुकला, इतका झुकला की सरांनी डोळे मिटायची तयारी केली. मग तो सावकाश उभा झाला. पुन्हा झुकला, पुन्हा उठला. ढिली दोरी एकीकडं ताठ व्हायची, दुसरीकडं झोळ टाकायची. गारा तारेवर आपटून वाजत होत्या. वाऱ्याशी भांडायचं बांबूच्या मनातच नव्हतं. आलेल्या थोर पाहुण्याला तो वाकून वाट देत होता. वाऱ्याच्या दाबाचं गणित सरांनी कागदावर मांडलं होतं. बघितलं आज. उघडं तोंड मिटायचंही ते विसरले.

गडगडाट लांब गेल्यावर त्यांनी केबल लावली, बॅटरीवर रेडिओ सुरू केला आणि दुधनीच्या ईरप्पाला हाक दिली. ईरप्पा भुसार व्यापारी आणि सरांचा रेडिओवरचा मित्र. दुकान बँकेच्या समोरच.

खरखर. मग स्वच्छ, शेजारच्या खोलीतून यावा तसा आवाज आला.

"सर, पोरगी हितंच हाय. आभाळ बघून मी निघूच दिली न्हाय. बसून भाकरी खातीय."

पासष्ट किलोमीटरवरून. मधे किती झाडं, किती खांब आडवे पडले असतील, आणि हा माणूस बोलत होता बुटाच्या नाडीएवढ्या तारेतून.

विजयमालाबाई कधीही रेडिओच्या खोलीत बसल्या नव्हत्या. आज त्या फरशीवरच बसल्या आणि म्हणाल्या, परत विचारा.

सरांनी परत विचारलं. ईरप्पानं तेच, तसंच सांगितलं, कंटाळा न करता. मग कुणी न विचारता तिसऱ्यांदाही सांगितलं.