बुडापेस्टला न गेलेली बाई

प्रेमिलाताई भोयर हे नाव आज नागपुरात फारसं कुणाला माहीत नसलं, तरी एके काळी ते वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येऊन गेलं होतं. कळमेश्वरजवळच्या एका खेड्यातली, कापसाच्या घरातली ही मुलगी बुद्धिबळात देशातल्या बायकांत पहिली आली, तेव्हा विदर्भातल्या कुठल्याच बाईनं तोवर तिथपर्यंत मजल मारलेली नव्हती. वडील रुपराव यांनी तिला खेळ शिकवला तो कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या आवारात, गाड्यांचा नंबर लागेपर्यंत, बैलगाडीच्या सावलीत पट मांडून. भोवतीची माणसं आधी हसत, आणि मग ही फ्रॉकमधली पोरगी एकेकाला हरवू लागली तसं त्यांचं हसणं थांबत गेलं. पुढे कॉलेजसाठी ती नागपुरात आली, बायकांचे सामने संपले की पुरुषांशी खेळू लागली, आणि ज्या वर्षी ती देशात पहिली आली त्याच वर्षी बुडापेस्टच्या स्पर्धेसाठी तिची निवड झाली.

त्याच महिन्यात तिचं लग्न ठरलेलं होतं. सगळ्यांनी निर्णय तिच्यावर सोपवला. रुपराव म्हणाले, "तुले वाटते तसं कर, बाई." होणारे पती मनोहरराव यांनी निरोप पाठवला, की वर्षभर थांबायला आपली काही हरकत नाही. कुणी अडवलं असतं तर आयुष्यभर कुणावर तरी रागावता आलं असतं, पण अडवलं कुणीच नाही. तिनं लग्नाला हो म्हटलं. खरं कारण, म्हणजे तिकडे जाऊन हरण्याची भीती, तिनं कुणालाच सांगितलं नाही. आणि त्यानंतर सोंगटीला हातही लावला नाही.

लग्नानंतर बँकेतली नोकरी, त्रिमूर्तीनगरचा फ्लॅट आणि एक मुलगी, भूमिका. मनोहरराव भले माणूस होते. काही वर्षांपूर्वी ते गेले. भूमिकाचं लग्न जमलं नाही म्हणण्यापेक्षा तिनं ते जमू दिलं नाही. हिंगण्याच्या एका कारखान्यात ती माल तपासण्याच्या विभागात होती, कंपनीच्या बसनं जायची-यायची, आणि मायलेकींचे दिवस एकमेकींवर कुरकुर करत, एकमेकींच्या औषधांची आठवण ठेवत शांतपणे चालले होते. फक्त कधीतरी दुपारी, घर रिकामं असलं की, प्रेमिलाताई गॅलरीत बसून न पाहिलेल्या त्या शहराचा विचार करत. रस्ते रुंद असतील का, थंडी कशी असेल, आपण खेळलो असतो तर काय झालं असतं. अशा वेळी त्यांना वाटे, की आपण एका माणसाला कुठल्यातरी परक्या स्टेशनवर बसवून आलो आणि परत न्यायला गेलोच नाही.

दिवाळीनंतर त्या चष्मा बदलायला बर्डीच्या बाजारात गेल्या होत्या. दुकानात काचा तपासून घेत असताना शेजारच्या खुर्चीवरचे एक वृद्ध गृहस्थ त्यांच्याकडे टक लावून बघू लागले.

"प्रेमिलाताई ना? मी विश्वनाथ मुंडले. बुद्धिबळ संघटनेत होतो."

प्रेमिलाताईंना ते आठवले. सामन्यांच्या वेळी घड्याळं लावत इकडून तिकडे धावणारा सडपातळ तरुण.

"बुडापेस्टला मी संघासोबत होतो," विश्वनाथ म्हणाले. "तुमचा तो डाव मी अजून लोकांना सांगतो. रशियन बाईसमोर तुम्ही हत्ती दिला, अख्खा हॉल उभा झाला होता."

"मी नव्हती गेली तिकडे. माझं लग्न होतं तेव्हा."

ते हसले, जसं एखाद्या मोठ्या माणसाच्या विनयाला हसतात. "तुम्ही पहिल्यापासून अशाच. स्वतःचं काही सांगायचं नाही." आणि नमस्कार करून ते निघून गेले.

रात्रीच्या जेवणाला प्रेमिलाताईंनी हे भूमिकाला सांगितलं. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असावं, असं सांगताना त्यांचा स्वर मात्र थोडा हळुवार झाला होता, आणि ते भूमिकाच्या लक्षात आलं.

"मग हो म्हणून टाकायचं ना, आई," ती भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली. "कोणाचं काय जाते? एवढ्या वर्षांनी कोणी देऊन राहिलं तर घेऊन घे."

"खोटं बोलू काय मी?"

"खोटं काहून? तू गेली असती तर जिंकलीच असती."

काही दिवसांनी लकडगंजच्या व्यापाऱ्यांच्या सभागृहात मुलींची बुद्धिबळ स्पर्धा होती आणि तिच्या बक्षीस समारंभाला विश्वनाथांच्या सांगण्यावरून प्रेमिलाताईंना बोलावणं आलं. भूमिकानं अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसली. सूत्रसंचालन करणाऱ्या मिनल नावाच्या मुलीनं पाहुण्यांचा परिचय करून दिला. त्यात जिनिंगचं आवार होतं, रुपराव होते, आणि बुडापेस्टही होतं. प्रेमिलाताईंनी मान वर केली. मागच्या रांगेतून भूमिका त्यांच्याकडे पाहून हसत होती, घे म्हणत होती. त्या गप्प राहिल्या.

मग एका मुलीनं त्या डावाबद्दल विचारलं. काहीतरी मोघम सांगून सुटावं म्हणून प्रेमिलाताई बोलू लागल्या, आणि बोलता बोलता त्यांना दिसू लागलं. हॉल उबदार ठेवणारे भिंतीतले गरम पाण्याचे नळ मधूनमधून टकटक करायचे. अंगातला कोट उसना होता आणि त्याच्या बाह्या सारख्या पटावर यायच्या. समोरची बाई खेळता खेळता संत्रं सोलत होती आणि त्या वासानं त्यांना घशाशी आल्यासारखं झालं होतं. कुणीतरी पट पुढे सरकवला. त्यांचा हात, ज्यानं इतक्या वर्षांत एक प्यादंसुद्धा उचललं नव्हतं, भराभर चालू लागला. घोडा, उंट, मग हत्ती, जो त्यांनी अलगद शत्रूच्या वजिराच्या तोंडी ठेवला. पुष्कर नावाचा तरुण प्रशिक्षक मोबाइलवर बुडापेस्टच्या त्या डावाची जुनी नोंद उघडून शेजारी उभा होता. तो हळूच म्हणाला, "ताई, एकही चाल चुकली नाही."

टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांतच मिनलनं समारोप केला. "खेळासाठी ताईंनी संसारसुद्धा केला नाही. अशा तपस्विनीला आपण वंदन करू या."

प्रेमिलाताईंनी तोंड उघडलं. माझी मुलगी इथंच बसली आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण लोक उभे राहिले होते, मुली पाया पडायला पुढे येत होत्या, आणि इतक्या टाळ्या त्यांच्या वाट्याला पुन्हा कधी येणार नव्हत्या. राहू दे, नंतर सांगू, असं त्यांनी मनाशी म्हटलं. शेवटच्या रांगेत भूमिकाही उभी राहून टाळ्या वाजवत होती.

परतताना ऑटोत त्यांनी विचारलं, "शेवटी काय म्हणाली ती पोरगी, ऐकलं का तू?"

"हो," भूमिका बाहेर पाहत म्हणाली. "छान बोलली."

त्या हिवाळ्यात प्रेमिलाताईंना एकेक आठवत गेलं. बुडापेस्टनंतरची शहरं, बर्फातून ओढत नेलेली बॅग, हरलेले डाव, ज्यांची भीती वाटायची आणि जे हरल्यावर काहीच झालं नाही. स्वयंपाक करता करता त्या थांबत आणि एखाद्या जुन्या डावातली चूक सापडली म्हणून स्वतःशीच मान हलवत. असं सुख त्यांनी कधी भोगलं नव्हतं. मनोहररावांचा आवाज कसा होता हे एका सकाळी आठवेना, तेव्हा वयाचा दोष म्हणून त्यांनी सोडून दिलं. मग भूमिका कुठल्या दवाखान्यात झाली ते आठवेना. त्या बराच वेळ खुर्चीत बसून राहिल्या. कळा आठवत नव्हत्या, पाऊस होता की ऊन होतं ते आठवत नव्हतं, पहिल्यांदा मांडीवर दिलं तेव्हाचं तोंड आठवत नव्हतं.

समोरच्या फ्लॅटमधल्या वंदनाबाई, ज्यांनी भूमिकाला शाळेच्या गणवेशात पाहिलं होतं, जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "ती तुमच्याकडं राहणारी मुलगी बरी आहे हो. सोबत झाली तुम्हाला."

घरात येऊन प्रेमिलाताईंनी भूमिकाकडे नीट पाहिलं. ती आपला कप विसळून वेगळा ठेवत होती. हल्ली ती स्वयंपाकघरात येताना दारात क्षणभर थांबायची.

"ताई," भूमिका म्हणाली, "तुमची बीपीची गोळी राहिली."

"ताई काहून म्हणून राहिली वं मले?"

भूमिका गोंधळली. तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. "मग काय म्हणू?" तिनं विचारलं, आणि उत्तराची खरोखर वाट पाहिली.

दुसऱ्या दिवशी भूमिका कामावर गेल्यावर प्रेमिलाताईंनी पुष्करकडून विश्वनाथ मुंडल्यांचा नंबर घेतला आणि फोन लावला. 

"मी बुडापेस्टला गेली नव्हती," त्या म्हणाल्या. "माझं लग्न झालं. मले मुलगी आहे. तुम्ही सांगा सगळ्यांना. तुमच्यापासून सुरू झालं हे."

विश्वनाथांनी सगळं ऐकून घेतलं. मग अगदी मायेनं म्हणाले, "ताई, एक विचारू? तो डाव जिंकल्यावर तुम्ही जिन्यात बसून रडत होत्या, आठवतं? सगळे आनंदात होते आणि तुमचं रडणं थांबेना. मी कारण विचारलं. तुम्ही म्हणाल्या, घरी कोणीतरी लहान माझी वाट पाहून राहिलं, असं वाटते. तुमच्या घरी तर तेव्हा कोणीच लहान नव्हतं. मी ते कधी कोणाला सांगितलं नाही."

प्रेमिलाताईंनी फोन ठेवला. जिना त्यांना आठवला. त्याच्या पायऱ्यांचा दगड मधोमध झिजलेला होता.

संक्रांतीच्या सुमारास एका रविवारी सकाळी भूमिकानं सामान बांधलं. सामान फार नव्हतंच. एक बॅग, एक पिशवी. कंपनीजवळच खोली मिळाली आहे, बसचा त्रास वाचेल, असं ती म्हणाली. मग वाकून पाया पडली.

"इतकी वर्षं तुम्ही ठेवून घेतलं. कोण ठेवते असं परक्या माणसाला."

प्रेमिलाताईंनी तिचा हात धरला. हाताची बोटं लांब होती, करंगळी किंचित वाकडी, तशी रुपरावांची होती. हे कुणाला तरी सांगितलं पाहिजे असं त्यांना फार तीव्रतेनं वाटलं.

"माझं लग्न झालं होतं," त्या म्हणाल्या.

भूमिका अदबीनं थांबली. पण पुढचं वाक्य येईना. ते कुठेतरी अगदी जवळ होतं, ओठांवर होतं, आणि त्याऐवजी एक थंड, उंच छताचा हॉल समोर येत होता. भूमिकाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते का आलं हे तिलाही कळलं नसावं, कारण तिनं ते ओढणीनं पुसताना काहीशी लाजल्यासारखी मान खाली घातली.

"काळजी घ्या, ताई. एकट्या असता."

"सवय आहे बाई मले," प्रेमिलाताई म्हणाल्या. "पहिल्यापासून एकटीच."

त्यांनी तिला फाटकापर्यंत सोडलं, ऑटो वळेपर्यंत उभ्या राहिल्या, आणि वर येऊन गॅलरीत बसल्या. ऊन कोवळं होतं. मुलगी गुणी होती, तिचं चांगलं व्हावं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. मग बुडापेस्टच्या त्या डावात हत्ती देण्याआधी दुसरी एखादी चाल होती का, याचा त्या विचार करू लागल्या.

खालच्या मजल्यावर कुणाकडे तरी पाहुणे आले असावेत. एक तान्हं मूल रडू लागलं, आधी थांबत थांबत आणि मग एकसारखं. प्रेमिलाताईंचा विचार तुटला. छातीशी काहीतरी गार लागलं म्हणून त्यांनी खाली पाहिलं. ब्लाउज समोरून दोन्ही बाजूंनी ओला झाला होता आणि ओल पदरापर्यंत पसरत होती. त्यांनी बोट लावून पाहिलं, चिकट होतं. हातात पेला नव्हता, जवळ तांब्या नव्हता. अंगावर काय सांडलं आणि कधी सांडलं, हे त्यांना काही केल्या आठवेना.