चांगुणाबाईंच्या नावाचं देणं

मी माईक बोलतोय. सन दोन हजार पंचवीस, वैशाख महिना, ऐन लग्नसराई. मिरजगावजवळच्या एका मांडवात मी कचरूतात्यांच्या हातात आहे आणि आज मला त्या हाताची भीती वाटतेय.

सत्तावीस वर्षांपूर्वी मंडपवाल्याने मला नगरहून आणलं. तेव्हापासून गावातलं एकही लग्न माझ्यावाचून लागलं नाही. जाळी चेपली, दांडीचा रंग उडाला, आवाज मात्र खणखणीत आहे. माणसांचं एक पाहिलंय. जेवण उरकलं तरी आपलं नाव माझ्यातून निघेपर्यंत माणूस मांडव सोडत नाही.

नावं पुकारतात कचरूतात्या. शाळा दुसरीपर्यंत, पण गाव तोंडपाठ. एका नावाची दोन-तीन माणसं असली की ते खूण लावतात. बहिरा राम. चकणा ज्ञानेश्वर. लंगडी चांगुणा. बरोबर तोच माणूस उठून पुढे येतो. तात्यांना वाटायचं, काम चोख झालं. मलाही तसंच वाटायचं.

मग चांगुणाचं लग्न आलं. त्याला आता चोवीस वर्षं झाली. ती बोहल्यावर उभी होती आणि तात्यांनी आहेर पुकारला, "लंगड्या चांगुणाला मामाकडून पितळी हंडा!" वऱ्हाड हसलं. तो शब्द मी चार भोंग्यांतून वेशीपर्यंत नेला. मुंडावळ्यांआड तिने मान खाली घातली, ती लग्न उरकेपर्यंत वर केली नाही.

आज तिच्या मुलीचं, राजेश्वरीचं लग्न. सकाळीच चांगुणाबाई तात्यांसमोर येऊन उभी राहिली.

"तात्या, आज तो शब्द माईकवर आला, तर मी मांडवात पाऊल टाकनार न्हाई. कन्यादान माझी जाऊ करंल."

"अगं, आमच्या टायमाला कुनाला राग येत नव्हता."

"येत हुता. पन माईक तुमच्या हातात हुता."

तात्या म्हणाले, "बरं, दिव्यांग चांगुणाबाई म्हनतो. सरकारी शब्द हाय, मानाचा."

"तो फॉर्मवर ऱ्हाऊ द्या. पोरीच्या लग्नात माझ्या पायाचं काय काम?"

"गावात तीन चांगुणा हायत. वळखायची कशी?"

"बाकीच्या दोघींना वळखता तशी. नवऱ्याचं नाव लावून."

एवढं बोलून ती मांडवाबाहेर, आचाऱ्याच्या चुलीजवळ जाऊन बसली.

तेव्हापासून तात्या ओठातल्या ओठात तिचं नाव घोळवत होते. दोनदा जुनंच तोंडातून निसटलं. मी बंद होतो म्हणून निभावलं. तिसऱ्यांदा मी चालू असणार होतो. मला शब्द अडवता येत नाही, गिळता येत नाही.

लग्न लागलं. गुरुजींनी कन्यादानाची खूण केली. नवरीचा बाप गोरक्ष पाटावर बसला. शेजारचा पाट रिकामा. बायका कुजबुजू लागल्या. जाऊ पदर सावरून उभी राहिली.

तात्यांनी मला तोंडाशी धरलं.

"लं..."

एवढंच आलं, आणि गावभर गेलं. चुलीजवळ चांगुणाबाई उठली. तिने मांडवाकडे पाठ केली.

तात्यांनी तळहात माझ्या जाळीवर दाबला. मला फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"काय तात्या, बॅटरी उतरली का?" वऱ्हाडातून कोणीतरी ओरडलं. चारजण हसले.

तात्यांनी हात काढला.

"वधूमाता चांगुणाबाई गोरक्ष तोरडमल," ते म्हणाले. "बाई, तुमच्या लग्नात ह्याच माईकवर मी तुमचं हसं केलं. आता बी तेच तोंडात आलं. चुकी माझी. कन्यादानाला या."

चारही भोंग्यांनी ते वेशीपर्यंत नेलं.

चांगुणाबाई आली. गोरक्षशेजारच्या पाटावर बसली.

आमचं देणं फिटलं.