हाताला लागेल असं

दुपारचे तीन वाजले की मला माणसांचाच कंटाळा येतो, आणि नेमकी तेव्हाच नर्सांची बॅच येते. फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरातल्या या क्लासमध्ये मी त्यांना परदेशी नोकरीपुरतं इंग्रजी शिकवते. घसा कायम बसलेला. इतकी वर्षं ओरडल्यावर दुसरं काय होणार! त्या दिवशी तर बाचॉयचं सूपही निम्मं तसंच ठेवलं. गिळायचाही कंटाळा, झालं.

शब्द होता ‘पॅल्पेबल’. हाताला लागेल, चाचपता येईल असं. नाडी पॅल्पेबल, पोटातल्या बाळाचं डोकं पॅल्पेबल. त्यावरून मग खोलीतला ताण किंवा घरातलं दुःखही, हात लावता येईल इतकं जाणवणारं. “हा शब्द वासाला लावू नका रे बाबांनो,” मी म्हटलं. आर्नेलने लगेच सुक्या मासळीचा वास पॅल्पेबल करून टाकला. या पोरापुढे डोकं आपटावं!

माझी खरी काळजी होती रोसेल गुम्बानची. इंग्रजीची तोंडी परीक्षा शनिवारी, दोनदा नापास झालेली. या वेळी गेली तर आयर्लंडच्या हॉस्पिटलने धरून ठेवलेली जागाही जाणार. इंग्रजी चांगलं होतं तिचं. पण आमच्याकडे वडीलधाऱ्यांना तोंडावर ठाम काही सांगणं म्हणजे उद्धटपणा. पेशंट तापाने फणफणत असला तरी ही म्हणणार, ‘कदाचित जरासा असेल.’ परीक्षकाला वाटतं, हिला काही येत नाही.

माझ्या क्लासात शब्द हाताने करून दाखवायचा आणि त्यावर लगेच वाक्य बोलायचं. “ये, माझी मानेतली नाडी बघ,” मी म्हटलं.

ती मागे उभी राहिली. बोटं गार होती. “कदाचित नाडी लागतेय असं वाटतं, बाई. माफ करा.”

“हिच्या हाताला कदाचित बोटंही असतील,” आर्नेल म्हणाला. सगळे खिदळले.

“गप रे! आणि रोसेल, किती वेळा सांगू गं तुला? जे हाताला लागलं ते सरळ सांग. ‘कदाचित’ नाही आणि ‘माफ करा’ तर मुळीच नाही. थकले मी आता. पुन्हा बोल.”

तिची बोटं सरकली, थांबली, परत तिथेच आली.

“बाई, जरा आवंढा गिळा.”

मी गिळला.

“पुन्हा.”

मी चिडून मागे वळणार होते, पण तिने दुसऱ्या हाताने माझा खांदा धरून ठेवला. असं तिने कधी केलं नव्हतं. मग स्वच्छ, सावकाश इंग्रजीत ती म्हणाली, “तुमच्या गळ्यात उजव्या बाजूला गाठ आहे. ती कडक आहे. ती पॅल्पेबल आहे.”

आर्नेलही हसला नाही. मी हात वर नेला. तिने माझी बोटं धरून नेमकी तिथे टेकवली. लागली. एवढी मोठी, आणि मी म्हणत होते घसा बसलाय, कंटाळा आलाय!

रोसेलचे डोळे भरले होते. “माफ...” ती म्हणायला लागली.

“खबरदार,” मी म्हटलं. “शनिवारी असंच बोलायचं. आणि सोमवारी माझ्याबरोबर हॉस्पिटलात चल. तिथले सगळे मला ‘कदाचित’च म्हणतील. तू तसं म्हणू नकोस.”