दोन पिस्टन, एक टाकी

मित्रांनो, मी जुनी आहे, पण भंगार नाही. या दोहोंत फरक असतो, आणि माझ्या बाबतीत तो एका शनिवारी सकाळी फाटकापाशी ठरला. त्या शनिवारपर्यंत पोचायला मात्र मला बरंच मागं जावं लागेल.

मी जावा मोटारसायकल. साडेतीनशे सीसी, दोन सिलिंडर, रंग लाल. १९५७ साली चेक देशात, सझावा नदीकाठच्या कारखान्यात माझा जन्म झाला. माझे पहिले मालक वोयतेख लाकडाच्या गिरणीत कामाला होते. त्यांनी माझ्या उजव्या अंगाला साइडकार जोडली आणि मी घरातली सगळ्यांत कामाची सदस्य झाले. नाताळाच्या आधी तळ्यातला जिवंत कार्प मासा टबासकट मी आणला. पानगळीत जंगलातून अळंब्यांच्या टोपल्या आणल्या. एकदा शेजाऱ्यांचा चिडलेला हंस पोहोचवला. त्याने वाटेत वोयतेखचा तीनदा चावा घेतला, पण मी वेग कमी केला नाही.

वोयतेखना दोन मुलगे होते. थोरला ओल्द्रिख, धाकटा बोहुश. दोघं चालवायला शिकले ते माझ्यावर, पण त्याआधी ते एक मिश्रण करायला शिकले. माझ्यासारख्या टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनसाठी वेगळं तेल नसतं. ते पेट्रोलमधूनच आत जातं. दर लिटरला चाळीस मिलिलिटर. माझ्या टाकीच्या झाकणाला आतून एक मापटंच आहे.

"आधी तेल, मग पेट्रोल, मग गाडी हलवायची," वोयतेख सांगायचे. "तेल विसरलात तर पिस्टन तापेल, फुगेल आणि सिलिंडरला चिकटून बसेल. मग ढकला घरापर्यंत."

ओल्द्रिख नीटनेटका होता. बोहुश विसराळू. तळ्यावर पोहायला गेला की बूट तिथेच राहायचे. हंस चारायला नेले की हंस घरी यायचे, हा नाही. पण माझं तेल तो कधीच विसरला नाही. मापटं भरताना तो ओठ मिटून, डोळ्यांसमोर धरून बघायचा. हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या कुणी कधी नीट पाहिलं नव्हतं.

१९८४ साली ओल्द्रिखचं लग्न ठरलं. तोवर मी त्याची झाले होते. त्या वसंतात मी फार जोरात धावत होते. तापले की थांबायचं नाव घेत नव्हते. वेग आपोआप वाढायचा. ओल्द्रिख टाकीवर थाप मारून म्हणायचा, "म्हातारी तरुण झाली!" मला बरं वाटायचं. स्तुती कुणाला आवडत नाही? पण मित्रांनो, तापानेही गाल लालच होतात. माझ्या उजव्या बाजूला, डायनॅमोच्या मागे, रबराचं एक सील आहे. वय होऊन ते कडक झालं होतं आणि त्यातून उजव्या सिलिंडरमध्ये हवा शिरत होती. हवा जास्त, पेट्रोल कमी. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. माझा जोर हा माझा आजार होता.

लग्नाच्या दिवशी जेवणानंतर नाच होता. अकॉर्डियन वाजवणारा हिनेक शेजारच्या वर्बोवा गावात राहायचा. त्याला साइडकारमधून आणायचं काम बोहुशकडे होतं. निघण्यापूर्वी त्याने माझी टाकी भरली. मापटं भरलं, डोळ्यांसमोर धरलं, ओतलं, मग पेट्रोल, मग मला दोन्ही बाजूंना हलवलं. अंगणात तेव्हा कुणी नव्हतं. सगळे आत रश्श्यात कणकेचे गोळे बुडवून खात होते.

वर्बोवाकडे जाताना चढावर माझा उजवा पिस्टन चिकटला. मागचं चाक अडलं. बोहुशची दोन बोटं क्लचवर होती; त्याने तो दाबून चाक मोकळं केलं, म्हणून तो वाचला. साइडकारसकट मला ढकलत तो दोन तासांनी परत आला. सदरा फाटलेला, तळहात सोललेले. हिनेक चार किलोमीटर अकॉर्डियन खांद्यावर घेऊन पायी आला, तोवर निम्मे पाहुणे निघून गेले होते.

नव्या नवरीचे वडील अंगणात उभे होते. ते ओल्द्रिखला म्हणाले, "कालच मी विचारलं होतं, माणसं भरवशाची आहेत ना म्हणून."

ओल्द्रिखचे कान लाल झाले. तो सगळ्यांसमोर बोहुशकडे वळला. "तेल घातलं नसशील."

"घातलं. मापानं घातलं. टाकीत बोट बुडवून बघ."

"आता बघून काय? बंद पडल्यावर ओतलं असशील."

"मग इंजिन उघड. उघडून बघ ना, ओल्दा!"

"लग्नाच्या कपड्यांत?"

लोक हसले, आणि त्या हसण्यात निकाल लागून गेला. बूट विसरणारा माणूस तेलही विसरणारच, असं सगळ्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी इंजिन उघडता आलं असतं. तिसऱ्या दिवशीही. बोहुश तीनदा विचारायला आला. ओल्द्रिखने मला शेडमध्ये ढकललं, वर ताडपत्री टाकली आणि म्हणाला, "त्यात बघायचंय काय?" ते तो का म्हणाला, हे कळायला मला सदतीस वर्षं लागली.

लिंडेनच्या झाडाखाली आमच्या गावची खानावळ आहे. तिथे बोहुशने बिअर मागवली तरी कुणीतरी विचारायचं, "तेल घातलंस का?" त्याची सायकल करकरली की मुलं तेच ओरडायची. पहिलं वर्षभर तोही हसला. मग त्याने खानावळीत जाणं सोडलं. मग गाव सोडलं आणि कागद गिरणीच्या शहरात राहायला गेला. नाताळाला भावाभावांत एक कार्ड यायचं आणि एक जायचं. दोन्हींवर दोन ओळी.

मी ताडपत्रीखाली होते. सीटमध्ये उंदरांनी घर केलं, हँडलवर कांद्याच्या माळा वाळल्या, कोंबड्यांनी साइडकार आपली मानली. एकटेपणाची माझी तक्रार नव्हती. मला एकच गोष्ट टोचत होती. बोहुश खरं बोलत होता, याचा पुरावा माझ्या पोटात होता आणि मला तोंड नव्हतं.

आमच्याकडे वर्षातून एकदा लोखंडी शनिवार असतो. गावचे स्वयंसेवक अग्निशामक ट्रॅक्टर घेऊन फिरतात आणि फाटकाबाहेर ठेवलेलं भंगार उचलून नेतात. सदतिसाव्या वर्षी ओल्द्रिखने शेड रिकामी केली आणि गंजलेल्या नांगराशेजारी मला उभं केलं. दोघा अग्निशामकांनी माझं पुढचं चाक धरलं, तेवढ्यात त्याची मुलगी रादका बाहेर आली. ती जिल्ह्याच्या गावी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. कमी बोलते.

"ही नाही," ती म्हणाली.

"पोरी, ट्रॅक्टरला लागलेलं परत जात नाही," थोरला अग्निशामक म्हणाला. "या पैशांतून पाण्याच्या नळ्या घ्यायच्यात आम्हाला."

"वजन किती धरलंय हिचं?"

"साइडकारसकट असेल सव्वादोनशे."

"मग तळघरातला पाणी तापवायचा बंब घ्या. ओतीव लोखंड. तीनशे किलो."

"तो आम्ही वर आणायचा?"

"अग्निशमन दलात आहात ना? की नुसते ग्लास उचलता?"

दुसरा इतका हसला की त्याने माझं चाक सोडलं. बंब गेला, मी राहिले. त्या मुलीचे उपकार मी विसरणार नाही.

ओल्द्रिख पायरीवरून बघत होता. "काय करणार तिचं?"

"चालवणार."

"मग इंजिन उघडू नकोस. अख्खंच देऊन टाक दुरुस्तीला. जुनं फेकून सगळं नवं घालतील."

मित्रांनो, सदतीस वर्षांत मी एवढी कधी घाबरले नव्हते. जुने पिस्टन कुठल्यातरी डब्यात पडले की बोहुशचा एकमेव साक्षीदार संपला.

"आधी काय बिघडलंय ते बघते, बाबा."

"ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे."

"गावाला विचारून मी पाण्याचा अहवाल लिहीत नाही," रादका म्हणाली.

ती दर रविवारी येऊ लागली. प्रत्येक नटबोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी. टू-स्ट्रोक गाड्या जपणाऱ्या लोकांची वसंतात तळ्याकाठी जत्रा भरते; तिथल्या म्हाताऱ्यांकडून तिने डायनॅमो काढायचं हत्यार मागून आणलं. एकाने हत्यार देताना विचारलं, "कुठली आहे?" तिने सांगितल्यावर तो डोळे मिटून म्हणाला, "माझी पहिली. अजून वास आठवतो."

डावा पिस्टन हातानेच बाहेर आला. उजवा येईना. तिने सिलिंडरमध्ये डिझेल ओतून तीन रविवार वाट पाहिली, मग बीच झाडाच्या लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोके दिले. दुखलं, पण ते दुखणं मला हवं होतं.

तिने दोन्ही पिस्टन वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी ठेवले. डावा गुळगुळीत, तेलाची तपकिरी झाक अंगावर. उजवा उभा ओरखडलेला, धातू वितळून ओढला गेलेला. रादकाने दोन्ही उजेडाकडे धरून पाहिले. मग तिने हाक मारली.

"बाबा, या गाडीला टाक्या किती?"

"एक."

"कार्बोरेटर?"

"एकच. का?"

"पेट्रोलमध्ये तेल नव्हतं, तर डावा असा कसा राहिला?"

तिने डायनॅमो काढला. मागचं सील शिळ्या पावाच्या कडेसारखं तिच्या बोटांत मोडलं. ओल्द्रिखचे हात स्वच्छ होते, तरी तो ते फडक्याला पुसत राहिला. मग आत निघून गेला. फोन रादकाने केला. "बोहुशकाका, रविवारी ये. तुला काहीतरी दाखवायचंय."

बोहुश आला. चौसष्ट वर्षांचा, माझ्याच वयाचा. तो अंगणातच उभा राहिला. ओल्द्रिखने दोन्ही पिस्टन त्याच्या हातात दिले.

"हा उजवा?"

"उजवा."

"आणि डावा हा." बोहुशने तो उन्हात फिरवून पाहिला. "तेल दिसतंय."

"दिसतंय."

"छत्तीस वर्षं, ओल्दा."

"सदतीस."

"मोजता येतं तुला. बघता का आलं नाही? मी तीनदा आलो होतो. उघडून बघ म्हणालो."

ओल्द्रिख खाली बघून म्हणाला, "उघडलं असतं तर माझंच दिसलं असतं. डायनॅमोमागून शीळ येत होती. नवं सील मी आणूनही ठेवलं होतं. म्हटलं, लग्न झाल्यावर बसवू. आणि सासरे समोर उभे होते... तुझं नाव तोंडात आलं ते आलं. मग मागे घेता येईना."

कोंबड्या साइडकारभोवती फिरत होत्या. बोहुशने नाक शिंकरलं.

"हे मला सांगून काय उपयोग?" तो म्हणाला. "मी तेल घातलं, हे मला ठाऊकच होतं. त्यांना सांग."

"कुणाला?"

"खानावळीत. आज रविवार आहे, सगळे असतील."

"आत्ता?"

"का, लग्नाचे कपडे घालायचेत?"

म्हणून मित्रांनो, त्या दुपारी मीही खानावळीत गेले. निदान माझे दोन पिस्टन गेले. ओल्द्रिखने ते टेबलावर बिअरच्या ग्लासांच्या मधोमध ठेवले आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. टाकी एक, पिस्टन दोन, सील त्याने न बदललेलं. त्याने एकही शब्द गाळला नाही. पिस्टन टेबलाटेबलावर फिरले. ते हातात घेतल्यावर कुणी हसलं नाही. ज्यांनी सायकलीमागे ओरडून गंमत केली होती ते आता पन्नाशीचे होते. त्यांतला एक उठून बोहुशशेजारी येऊन बसला.

शेवटी कोपऱ्यातून म्हातारा हिनेक म्हणाला, "म्हणजे त्या उन्हात मी अकॉर्डियन वाहून आणला तो तुझ्यापायी, ओल्दा? आणि सदतीस वर्षं मी चुकीच्या माणसाला शिव्या दिल्या?"

"हो," ओल्द्रिख म्हणाला.

"मग बोहुशची बिअर तुझ्याकडून. माझीही. पाय अजून दुखतात."

हशा झाला. बोहुशही हसला, आणि या वेळी ते हसणं त्याच्यावर नव्हतं.

मला नवे पिस्टन मिळाले, दोन्ही बाजूंना नवी सील, उंदरांशिवायची सीट आणि तोच लाल रंग. मी कृतज्ञ आहे. वोयतेखची, ज्यांनी मला कामाला लावलं. रादकाची, जिने आधी पाहिलं आणि मग ठरवलं. ओल्द्रिखचीसुद्धा, कारण उशिरा का होईना, त्याने पिस्टन लपवले नाहीत.

तुमच्या घरीही काहीतरी बंद पडून कोपऱ्यात उभं असेल. त्याला फेकण्याआधी एकदा उघडून बघा. यंत्राची काळजी म्हणजे नुसतं पुसणं नव्हे. ते शीळ घालतं तेव्हा ऐकणं. आणि दोष कुणाचा हे ठरवायची घाई झाली, तर आधी हात काळे करा. आत काय झालं ते धातू लपवत नाही, पण कुणीतरी विचारायला लागतं.

नवे पिस्टन घातले की पहिले हजार किलोमीटर गाडी सावकाश चालवायची असते. दर वीस किलोमीटरला थांबून इंजिन गार होऊ द्यायचं. त्यासाठी रविवारी दोघे भाऊ मला घेऊन निघतात. एक चालवतो, दुसरा साइडकारमध्ये बसून चुका काढतो. थांबले की रस्त्याकडेच्या चेरीच्या झाडाखाली पाव आणि सॉसेज काढतात आणि बोलत बसतात.

हजार किलोमीटर गेल्या वर्षीच पूर्ण झाले. रादकाने तसं वहीत लिहून दोघांना दाखवलंही. पण ते अजून दर वीस किलोमीटरला थांबतात. इंजिन गार व्हायचंय, म्हणतात. मी केव्हाच गार झालेली असते. मी काही बोलत नाही.