दुधाच्या दातातले किडे

बाजारामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो कडेवर पोर घेऊन पुढे घुसत होता. मधोमध पाटावर कीडवाल्या माई बसल्या होत्या. समोर पाण्यानं भरलेलं पसरट भांडं आणि त्यात विटेच्या तुकड्यावर ठेवलेली तापून लाल झालेली लोखंडी पट्टी. माई पट्टीवर चिमूटभर बिया टाकत, वर नरसाळं पालथं घालत आणि नळीतून निघणारा धूर मुलाच्या तोंडात सोडत. धूर बाहेर जाऊ नये म्हणून मूल डोक्यापासून चादरीत गुंडाळलेलं असे.

“सोड रे किड्या, सोड बिऱ्हाड! फुकट्या मेल्या, उघड कवाड!” माई खड्या आवाजात किड्याला दरडावत. जणू तो भाडं थकवलेला भाडेकरूच! मग नरसाळं उचललं की पाण्यावर पांढरे, वेटोळे झालेले किडे हेलकावताना दिसत, आणि शेडभर “अगं बाई!” उठे.

त्या रांगेत माझी धाकटी बहीण उभी होती. तिच्या खांद्यावर तिची लेक छकुली मुसमुसत होती.

छकुली दोन वर्षांची व्हायची होती. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात धरूनच ती झोपायची. वरचे पुढचे दात आधी तपकिरी पडले, मग कडेनं झिजत गेले. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, “झोपताना बाटली बंद. रोज दात साफ करा. आणि हे किडलेले दात लगेच दाखवून घ्या, लांबवू नका.” पण धाकटीच्या सासूबाई म्हणाल्या, “दुधाचे दात ते, पडायचेच आहेत. त्यांचे कसले एवढे चोचले?” शिवाय दात पुसायचं फडकं दिसलं की छकुली घर डोक्यावर घ्यायची. धाकटीचा जीव तुटायचा. साफ करणं राहत गेलं.

“चल डॉक्टरांकडे,” मी रांगेतही म्हणाले. “दात किडतो म्हणजे त्यात किडा नसतो गं.”

“ताई, तू शाळेत विज्ञान शिकवतेस, ठीक आहे. पण ही रडते तेव्हा उशाशी मी असते.”

तेवढ्यात आमची पाळी आली. माईंनी छकुलीच्या ‘दातातून’ ओंजळभर किडे काढले आणि हुकूम सोडला, “आता दाताला हात लावायचा नाही. पाणी नाही, फडकं नाही. जखम बुजू द्या.”

आणि खरंच, छकुलीचं रडणं थांबलं. ती हसली, जेवली. सासूबाईंनी सगळ्या आळीत माईंचे गोडवे गायले. मी डॉक्टरांचं नाव काढलं की घरात सगळे माझ्याकडे अपशकुन केल्यासारखं बघायचे.

मग एका सकाळी तिचा ओठ सुजला. दुपारपर्यंत सूज डोळ्याखाली चढली, अंग तव्यासारखं तापलं. आम्ही तिला घेऊन रुग्णालयात धावलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “दाताची नस मेली होती, म्हणून ठणका थांबला. पण आत पू होत राहिला. तो आता रक्तात पसरलाय.” त्यांनी शर्थ केली. छकुली वाचली नाही.

घरी आल्यावर धाकटी तिची चादर उराशी धरून बसली. चादरीच्या घडीतून काहीतरी जमिनीवर सांडलं. बारीक पिवळसर बिया होत्या. मी त्या वेचल्या, तवा तापवला, ताटलीत पाणी घेतलं. बिया तव्यावर तडतडून फुटल्या आणि पांढरे वेटोळे ‘किडे’ पाण्यात उडून पडले. शाळेतलं भिंग आणून मी धाकटीला दाखवलं. डोकं नाही, पाय नाहीत. बीच्या पोटातला कोंब होता तो.

ती कितीतरी वेळ भिंगातून बघत राहिली.

“म्हणजे माझ्या लेकीच्या दातातून काहीच निघालं नव्हतं?”

“काहीच नाही.”

दुसऱ्या दिवशी ती त्याच रांगेत उभी राहिली. कडेवर चादरीचं गाठोडं. मी तिच्या मागे उभी राहिले.

“झोपलंय का?” माईंनी विचारलं.

“हो.”

“केवढं आहे?”

“दोन वर्षांची व्हायची होती.”

माईंचं लक्ष बियांकडे होतं. धूर झाला, बिऱ्हाड सुटलं, नरसाळं उचललं गेलं. “बघा! केवढी पिलावळ! दात पोखरून घर केलं होतं!”

धाकटीनं चादर सोडली. आत छकुलीची कापडी बाहुली होती.

“हिला तोंडच नाही, माई. डोळे शिवले, तोंड शिवायचं राहिलं माझं.”

शेडमधली माणसं माना उंचावून बघू लागली. माई सावरल्या, “बाहुलीत काही शिरलं असेल...” तोवर मी पुढे होऊन बियांची चिमूट पट्टीवर टाकली. मूल नाही, बाहुली नाही, मंत्र नाही. तरी भांडं ‘किड्यांनी’ भरलं. मी आणलेलं भिंग हातोहात फिरू लागलं. एक बाप दोनदा बघून ओरडला, “अहो, हे तर मोड आहेत!” माई “श्रद्धा नाही तिथं गुण नाही” म्हणत नरसाळं गुंडाळू लागल्या.

एक बाई लेकराला घेऊन धाकटीपाशी आली. “पण परवा धूर दिल्यापासून आमच्या बाळाचा ठणका थांबला की हो.”

“माझ्याही लेकीचा थांबला होता,” धाकटी म्हणाली. “घरी जाऊ नका. आत्ता, इथूनच डॉक्टरकडे जा.”

ती बाई धावतच गेली. तिचं बाळ वाचलं.

माई दुसऱ्या कुठल्यातरी गावी पाट मांडून बसल्या असतील. धुराला भुलणारी माणसं त्यांना तिथेही भेटतील. धाकटी अजून मध्येच हातातलं काम टाकून म्हणते, “रडायची म्हणून दात पुसायचं सोडून दिलं गं मी, ताई.” म्हणून तुम्हाला सांगते. बाळाचा पहिला दात दिसला की त्या दिवसापासून स्वच्छ ओलं फडकं बोटाला गुंडाळून तो पुसा, पुढे मऊ ब्रशनं घासा. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका. दातावर डाग दिसला तर डॉक्टर गाठा, आणि ठणका आपोआप थांबला तर जास्तच घाईनं गाठा. बाळ रडेल, हात झटकेल. रडू द्या, पण दात पुसा.