सहा सिलिंडर, एक दीडशहाणा

माझ्या साडूचं डोकं घडवलं तेव्हा वरचा कारखाना बहुधा सुटायच्या बेतात होता. हाताला लागले ते सुटे भाग बसवले आणि शटर ओढून घेतलं. गावभर त्याला हॉर्सपॉवर म्हणतात आणि त्याला ते कौतुक वाटतं. बायकोच्या शिवणयंत्राला त्याने एकदा पाण्याच्या पंपाची मोटर जोडली होती. उशीची खोळ, खिडकीचा पडदा आणि स्वतःची बाही एकाच टाक्यात शिवून निघाली. बाही कापून माणूस मोकळा केला, तर म्हणतो कसा, "वेग पाहिलात ना?"

अशा माणसाच्या नावावर एक ट्रक आहे. चालवते मात्र माझी धाकटी मेव्हणी, त्याची बायको. त्याने चालवणं सोडून दिलं, कारण एकदा खाणीवर गाडी मागे घेताना त्याने वजनकाट्याची खोली आतल्या कारकुनासकट चार हात सरकवली. कारकुनाला ते जेवायच्या सुट्टीत दार उघडल्यावर कळलं.

ट्रकचं इंजिन जुनं, एका ओळीत सहा सिलिंडर असलेलं. त्याच्या मीटरने सगळे नऊ दाखवून पुन्हा शून्यावर यायचा उद्योग इतक्यांदा केला की शेवटी वैतागून शेवटचा आकडाच गळून पडला. ऑइल तर ते असं प्यायचं की मागून पांढऱ्या घोड्याची गाडी चढाला लागली तर वर पोचेपर्यंत घोडा काळा होई. एका गाडीवानाने हा आपला नव्हेच म्हणून स्वतःचा घोडा वर सोडून दिला आणि पायी घरी गेला. खोटं वाटत असेल तर घोड्याला विचारा.

मेव्हणीचं सगळं चाललं होतं दगडखाणीवर. खाणीतून वर यायला एकच अरुंद चढाचा रस्ता. एक गाडी थांबली की मागची सगळी रांग थांबते. तिथे नवा सुपरवायझर आला होता. डोक्यापेक्षा हेल्मेट मोठं, आणि आवाज हेल्मेटपेक्षा मोठा. मेव्हणीची गाडी चढावर दम तोडून उभी राहिली, मागच्यांनी भोंग्यांचा गोंधळ घातला, तेव्हा त्याने सांगून टाकलं: दोन आठवड्यांनी सोमवारी पूर्ण भरलेली गाडी न थांबता वर आली पाहिजे. मध्ये थांबली तर रांगेतली जागा गेली. इतकी जुनी गाडी आत घेणारी ही एकच खाण उरली होती.

"भाऊजी, रांग गेली तर ट्रक भंगारात," मेव्हणी मला म्हणाली. "आणि मग मी घरी. दिवसभर ह्यांच्यासमोर. तुम्हीच सांगा, माणसाने काय पाप केलंय?"

म्हणून गाडी डॉक्टरच्या गॅरेजात आणली. डॉक्टर म्हणजे मिस्त्री. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून इंजिन तपासतो, आणि रोगी दगावला तर खऱ्या डॉक्टरसारखा नातेवाइकांनाच रागावतो. त्याने कान लावला, तोंड वाकडं केलं.

"लायनर गेले, रिंगा गेल्या, बेअरिंगं गेली. सगळं नवं टाकू आणि होतं तसं बांधू. आरामात चढेल."

"होतं तसं?" साडू असा ओरडला, जणू त्याला कोणी उष्टं वाढलं. "इंजिन उतरवायचं आणि होतं तसं बांधायचं? पॉवर वाढवायची, डॉक्टर! चढ दिसता कामा नये!"

"चढ नाही दिसला तर दरीत जाल," डॉक्टर म्हणाला. पण गिऱ्हाईक हट्टाला पेटलं की तो हात झटकतो. झटकले.

दुसऱ्या दिवशी साडूने भंगारातून एक टर्बो आणला, इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा. खाणीतल्या राक्षसी डंपरचा होता. आमच्या इंजिनाशेजारी ठेवला तेव्हा नक्की कोणाला कोण बसवायचं ते कळेना. डिझेल फवारणारे मोठ्या भोकांचे नोझल आणले. आणि मग त्याच्या अकलेला खरा बहर आला. बफिंगचं चाक घेऊन तो कोपऱ्यात बसला आणि खोललेल्या इंजिनाचा दिसेल तो भाग घासत सुटला.

"चकचकीत लोखंडावरून ऑइल घसरतं, दादा," तो मला समजावू लागला. "घसरलं की घर्षण कमी. घर्षण कमी की पॉवर."

"मग स्वतःच्या टाळूवर का नाही घासत? काहीतरी घसरून आत जाईल."

तो हसला. टोमणा कळायलाही थोडं काहीतरी लागतं.

सगळं घासून झाल्यावर त्याने इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, धरून ठेवणाऱ्या सात टोप्या टेबलावर मांडल्या. आरशासारख्या. सगळ्यात चकचकीत पहिली, मग तिच्याहून कमी, असं करत करत शेवटी जरा डाग असलेली. डॉक्टर आला, पाहिलं, आणि हातातला पाना हळूच खाली ठेवला.

"ह्यांच्यावरचे आकडे कुठे गेले?"

"कसले आकडे?"

"पंच मारलेले. एक ते सात."

"ते होय! खरखरीत होते. घासून टाकले."

डॉक्टर मटकन टायरवर बसला. टोप्यांचं असं असतं की कारखान्यात त्या इंजिनाच्या ब्लॉकला आवळून मगच आरपार भोक पाडतात. त्यामुळे ज्या डब्याचं झाकण त्याच डब्याला बसतं, तेही त्याच बाजूने. दिसायला सातही सख्ख्या बहिणी, पण घर बदललं की एकही नांदत नाही. म्हणूनच आकडे मारलेले असतात. बारीक नक्षी म्हणून नव्हे. आजवर मी टोप्या हरवणारे पाहिले, पाडणारे पाहिले, एकाने तर उलटी टोपी विडीची राख झाडायला वापरलेली पाहिली. पण पत्ते पुसून पत्रं वाटायला निघालेला पोस्टमन हा एकच.

तरी डॉक्टरने नशीब अजमावलं. अंदाजाने टोप्या लावल्या, बोल्ट आवळले, लांब दांडा लावून क्रँक फिरवायला दोघे लोंबकळले. क्रँक हलेना. ब्लॉकच टेबलासकट फिरायला लागला.

"जरा जोर कमी पडतोय," साडू म्हणाला.

"तुम्ही बाहेर जा," मेव्हणी म्हणाली. ती दारात कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. "आणि बाहेर कशाला हात लावू नका."

ब्लॉक लेथवाल्याकडे गेला. त्याला सूतभर म्हणतात, कारण जगातली प्रत्येक वस्तू त्याच्या मते सूतभर चुकलेली असते. त्याने टोप्या पाहिल्या.

"हे कोणी केलं? थांबा, नाव सांगू नका." त्याने साडूकडे एक नजर टाकली. "कळलं."

सातही टोप्या खालून जराशा तासून, पुन्हा आवळून, एका रेषेत नव्याने भोक पाडावं लागलं. त्यात आठवडा गेला. इंजिन बांधून चढवायला जेमतेम वेळ उरला. डॉक्टर म्हणाला, "क्लच प्लेट जुनीच आहे, बदलून घेऊ."

"क्लचला कुठे हॉर्सपॉवर असते?" साडू म्हणाला. ह्या वाक्यावर बाकीच्यांनी वाद घालायला हवा होता. पण सगळे इतके थकले होते की तेवढीही किंमत त्याला कोणी दिली नाही.

इंजिन सुरू झालं ते मात्र कबूल केलं पाहिजे. काय आवाज! शेजारच्या न्हाव्याच्या हातून एका गिऱ्हाइकाची अर्धी मिशी गेली, आणि टपरीवरचे ग्लास एकमेकांवर आपटून आपापले विसळून निघाले. साडू मात्र असा उभा, जणू सहाही पिस्टन त्याच्याच छातीत होते.

सोमवारी गाडी काठोकाठ दगडांनी भरली. मेव्हणी स्टिअरिंगवर, साडू मध्ये, मी खिडकीशी. चढ लागला.

"दाब!" साडू ओरडला. "सगळे घोडे सोड!"

तिने पाय दाबला. इंजिन गरजलं, त्याच्या वेगाचा काटा वर गेला, टर्बोने शिट्टी मारली, आणि ट्रक हळू झाला. केबिनमध्ये जळका वास पसरला. नवी ताकद जुन्या क्लचला झेपेना. इंजिन जोरात फिरत होतं आणि त्याला चाकांशी जोडणारी प्लेट नुसती घसरत होती. इंजिन एव्हाना डोंगर ओलांडून पलीकडे पोचलं होतं. आम्ही खालीच.

"आणखी दाब!"

"तोंड मिटा. नाहीतर वजन कमी करायला आधी तुम्हाला उतरवते."

वळणावर सुपरवायझर उभा होता. त्याने शिट्टी ओठांना लावली. मेव्हणीने पाय वर घेतला, गिअर काढला. गाडी रांगता रांगता जागीच थिजायला आली. तिने आवाज ऐकत पहिला गिअर आत ढकलला, क्लच सोडला, आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय अर्ध्यावर आणून तिथेच धरला. एक हिसका बसला. वास थांबला. प्लेटने पकड घेतली. चाक पुढे सरकलं.

मग सुरू झाली वरात. सुपरवायझर गाडीशेजारून चालू लागला, डोळे चाकावर. कुठेतरी थांबेल आणि आपण शिट्टी मारू, ह्या आशेवर तो माणूस चढ चढला. मध्ये एक गोगलगाय आम्हाला मागे टाकून गेली आणि जाताना तिने वळून पाहिलं. साडू कुरकुरत होता, "अगं, निम्मी पॉवर वाया चालली आहे..." मेव्हणीचे डोळे चढावर होते. तिचा पाय तसूभर हलत नव्हता.

शेवटच्या वळणावर सुपरवायझर दगडावर बसला. धाप लागली होती. हेल्मेट काढून वारा घेत होता. गाडी माथ्यावर पोचली तेव्हा तो मागून धापा टाकत आला.

"फार हळू आली."

"नियम न थांबण्याचा होता, साहेब," मेव्हणी खिडकीतून म्हणाली. "गाडी थांबली नाही. तुम्ही थांबलात."

मागच्या ड्रायव्हरांनी असे भोंगे वाजवले की त्याला मान हलवावीच लागली. जागा राहिली.

संध्याकाळी साडू टपरीवर सगळ्यांना सांगत होता, "पाहिलं? माझ्या पॉवरने वर गेली!" तो सांगत असताना पलीकडे मेव्हणीने वेल्डरला बोलावलं होतं. तिने ॲक्सिलरेटरच्या पेडलखाली एक लोखंडी तुकडा जोडून घेतला, बरोबर अर्ध्यावर. आता कोणाचाही पाय त्याखाली जात नाही.

"क्लच प्लेट नवी टाकली की काढून टाकू," डॉक्टर म्हणाला.

"क्लच टाका," ती म्हणाली. "तुकडा राहू दे. असं चालवलं तर हे इंजिन मला पुरेल."

साडू रात्री जेवला नाही. सकाळी गुपचूप वेल्डरकडे गेला, तुकडा कापून दे म्हणून. वेल्डरने त्याला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाला, "ताईंची चिठ्ठी आणा." त्याला अजून चिठ्ठी मिळालेली नाही. गाडी रोज चढते, हळू, न थांबता, आणि तो टपरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो की आमच्या ट्रकने अजून खरा जोर लावलेलाच नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो खरं बोलतोय, पण सवयीने कोणी ऐकत नाही.